ताण : कुंडीतला आणि शिवारातला

मे महिन्यात मोसंबीच्या बागेत गेलात आणि मलूल झाडे पाहून हळहळलात, तर मालक शांतपणे सांगेल, "ताण दिलाय." म्हणजे पाणी त्यानेच तोडले आहे. पाने कोमेजतात, काही पिवळी पडून गळतात, नवख्याला वाटते बाग गेली. मग मृगाचा पाऊस येतो आणि झाड फुलांनी लगडते. ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत लवकर बसतो, भारीत वेळ लागतो. अंदाज कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. हा सगळा हिशेब बागाईतदार पान बघून आणि माती चिमटीत घेऊन करतो.

वनस्पतीशास्त्राने इंग्रजीतल्या 'स्ट्रेस'साठी मराठीत 'ताण' हाच शब्द घेतला. परिभाषेच्या बाबतीत आपले नशीब क्वचितच इतके चांगले असते. पाणी नसणे ही झाडाच्या दृष्टीने एक बातमी असते, झाड ती वाचते आणि त्यावर काहीतरी ठरवते, एवढे तर बागेतच कळले. लिंबूवर्गीय झाडांत ताणाच्या काळात फुलोऱ्याचा निरोप नेणारे जनुक अधिक जोराने काम करू लागते, हे प्रयोगशाळेतून अलीकडे कळले. पुढची पाने अशाच गोष्टींबद्दल आहेत: बातमी कुठे पोचते, कोण वाचते, कोणती जनुके जागी होतात आणि त्याची किंमत कोण भरते. डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन हा क्रम शाळेतून आठवत असला, तर या विषयात शिरायला तेवढे भांडवल पुरते. बाकीचे वाटेत मिळेल.

सुरुवात पानापासून करू. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळू द्या, चिकटपट्टीने अलगद उचला आणि काचपट्टीवर चिकटवून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पानाचा ठसा दिसेल आणि त्यात रंध्रे. ज्वारीच्या पानावर ती डंबेलच्या आकाराच्या रक्षक पेशींची जोडी म्हणून दिसतात, वालाच्या पानावर घेवड्याच्या दाण्यांसारखी. या दाराने कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच दाराने पाण्याची वाफ बाहेर जाते. झाडाला दुसरे दार नाही. दार लावले की पाणी वाचते, पण अन्न बनवणे थांबते. दुष्काळातल्या झाडाची सारी कथा या एका पेचातून निघते, आणि 'दुष्काळाला तोंड देणारे जनुक सापडले' अशी बातमी वाचताना हा पेच आठवावा. दार लावणारे जनुक सापडले असेल, तर उपासाचे जनुकही तेच असते.

दार लावायचा निरोप अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक आणते. हे नाव चुकून पडलेले आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडे का गळतात याचा शोध घेत होते. गळ घडवणारे म्हणून त्यांनी एक द्रव्य वेगळे केले. तिकडे ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग यांच्या गटाला झाडांच्या कळ्या झोपी घालणारे द्रव्य हवे होते. दोन्ही द्रव्ये एकच निघाली, आणि नाव गळतीवरून, म्हणजे 'अ‍ॅब्सिशन'वरून, ठरले. पुढे समजले की पान-फळ गळण्यात या द्रव्याचा वाटा तसा किरकोळच आहे. 1969 साली गव्हाची पाने कोमेजू दिल्यावर त्यांत हेच आम्ल भराभर वाढते असे दिसले, तेव्हा त्याचे खरे काम उघड झाले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आपल्याकडे नाही का, 'नवी पेठ' शे-दोनशे वर्षांची झाली तरी नवीच!

द्रव्य सापडले, पण ते वाचणारा कोण हे कळायला आणखी 40 वर्षे गेली. मधल्या काळात काही दावे झाले. त्यांतला एक 2006 साली 'नेचर'मध्ये छापून आला आणि 2008 साली मागे घेतला गेला. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तकातली आकृती बघून वाटते की हे सगळे कोणाला तरी सरळ रेषेत सुचले. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या शॉन कटलर आणि जर्मनीतल्या एर्विन ग्रिल यांच्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच प्रथिन-कुटुंबावर बोट ठेवले. इतकी वर्षे ते का सापडले नाही याचे उत्तर गमतीदार आहे. अ‍ॅराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली एक चिमुकली रानवनस्पती प्रयोगशाळांची लाडकी. जनुकशास्त्रज्ञाची जुनी रीत अशी, की एकेक जनुक मोडायचे आणि झाडाचे काय बिघडते ते बघायचे. या वनस्पतीत संप्रेरक वाचणाऱ्या प्रथिनांची 14 भावंडे आहेत. एक आजारी पडले तर बाकीची काम सांभाळून घेतात आणि बाहेरून काही कळत नाही. मोठ्या एकत्र कुटुंबात एखाद्याने दोन दिवस काही केले नाही तर पाहुण्याला पत्ता लागत नाही, तसे.

यंत्रणा कशी चालते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण जनुकांच्या जगात ही चाल पुन्हा पुन्हा दिसते. एक प्रथिन असे, की ते कायम कामाला तयार. त्याला सोडले की ते रक्षक पेशीच्या पडद्यातल्या दारांवर आणि केंद्रकातल्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उठवत सुटते. पण एरवी दुसरे एक प्रथिन त्याला दाव्याने धरून ठेवते. ताण बसला, आम्ल वाढले, की वाचणारे प्रथिन आम्लाला मुठीत घेते, आणि ती मूठ दावे धरणाऱ्याच्या हातावर जाऊन बसते. हात सुटतो, बैल मोकळा. आम्ल स्वतः कोणाला ढकलत नाही, अडवणाऱ्याला अडवते. मोकळ्या झालेल्या प्रथिनाने खूण उठवली की रक्षक पेशीतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जाते, पेशी ढिल्या पडतात आणि दार मिटते. हे सारे मिनिटांत. जनुके जागी व्हायची अजून बाकीच आहेत.

ती जागी होतात तेव्हा एकदम शेकड्यांनी होतात. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये सुमारे 27,000 प्रथिनांची जनुके आहेत, आणि पाणी तोडल्यावर त्यांतल्या कित्येकांचा आवाज वाढतो, कित्येकांचा दबतो. इतक्या घरांना एकच हाक कशी ऐकू जाते? जपानमधल्या काझुको यामागुची-शिनोझाकी आणि काझुओ शिनोझाकी या दांपत्याने 1994 साली अशा जनुकांच्या अलीकडे, डीएनएच्या माळेत, नऊ अक्षरांचा एक शब्द दाखवून दिला: टी-ए-सी-सी-जी-ए-सी-ए-टी. ज्या जनुकाच्या दाराशी ही पाटी, ते दुष्काळाची हाक ऐकते. 1998 साली ही पाटी वाचणारी प्रथिनेही हाती लागली. त्यांना 'ड्रेब' म्हणतात. त्यांत एक फाटा प्रामुख्याने थंडीत कामाला लागतो आणि दुसरा कोरडेपणात, पण पाटी दोघांची एकच. प्रथम ऐकताना हे विचित्र वाटते. विचार केला की पटते: कडाक्याच्या थंडीत पेशींच्या बाहेर बर्फ होतो आणि तो आतले पाणी ओढून घेतो. गोठणारे झाड तहानलेलेच असते.

पाटी असलेल्या घरांत काय बनते? काही प्रथिने बियाण्यातून उसनी आणल्यासारखी असतात. पिकणारे बी स्वतःला जवळजवळ कोरडे ठणठणीत करते आणि तरी मरत नाही. त्या वेळी त्यात साठणारी प्रथिने 1980च्या सुमारास कपाशीच्या बियांत प्रथम ओळखली गेली. तीच प्रथिने ताण बसलेल्या पानात पुन्हा दिसतात. पाणी कमी झाल्यावर इतर प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत, पडदे फाटू नयेत, हे काम ती करतात. याशिवाय प्रोलीन आणि काही साखरा साठतात, पानावरचा मेणाचा थर जाड होतो. ज्वारीच्या धाटावर अंगठा फिरवा, पांढरी भुकटी अंगठ्याला लागते, ते मेण. आणखी एक गोष्ट गुराख्यांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत आहे. पावसाने ओढ दिली की कोवळी, खुरटलेली ज्वारी जनावराला खाऊ देत नाहीत, किराळ लागते. त्या पोंग्यांत धुरीन नावाचे द्रव्य असते, जनावराच्या पोटात त्यातून सायनाइड सुटते. 1902 साली त्याला हे नाव मिळाले, ज्वारीच्या 'दुर्रा' या अरबी नावावरून. ताण बसलेल्या पिकात ते का वाढते यावर अजून वाद चालतात, आणि चालावेत.

'ड्रेब' सापडल्यावर सर्वांना जे सुचले ते साहजिकच होते: हेच प्रथिन झाडात कायम चालू ठेवले तर? शिनोझाकींच्या गटाने ते करून पाहिले. झाडे कोरडेपणात आणि थंडीत टिकली, पण बुटकी राहिली. पाण्याची रेलचेल असतानाही ती दुष्काळ आल्यासारखी जगत होती. 1999 साली त्यांनी बटण बदलले. कायम चालू ठेवण्याऐवजी ताण बसल्यावरच चालू होईल असे बटण जोडले. बुटकेपणा बराचसा गेला आणि चिवटपणा राहिला. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा धडा त्या बुटक्या झाडांनी दिला. सहनशक्तीला रोजचा खर्च असतो, आणि उत्क्रांतीने ही जनुके बंद ठेवण्यावर तितकीच मेहनत घेतली आहे जितकी चालू करण्यावर.

आता माझीच एक फजिती सांगतो. विद्यार्थी असताना मी अशाच एका बदललेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसचे ट्रे वाढवत होतो. बारा दिवस पाणी तोडले. साधी झाडे मातीवर लोळली, माझी झाडे हिरवीगार. मी फोटो काढले, शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवले, मनातल्या मनात शोधनिबंधाचे शीर्षकही ठरवले. सर आले, ट्रेकडे बघितले आणि एवढेच म्हणाले, "कुंड्यांची वजनं केलीस का रे?" केली नव्हती. केली, तेव्हा माझ्या हिरव्या झाडांच्या कुंड्या इतरांपेक्षा चांगल्याच जड भरल्या. माझी झाडे मुळात लहान होती, पाने कमी होती, म्हणून त्यांनी पाणीही कमी प्यायले होते. त्यांच्यापर्यंत दुष्काळ पोचलाच नव्हता. त्या दिवशी शीर्षक गेले. दुष्काळावरच्या संशोधनात अशा कुंड्या पुष्कळ आहेत, छापून आलेल्यासुद्धा, आणि नवख्या वाचकाने कोणताही निबंध हाती घेतला की आधी पद्धतींचा भाग उघडून मातीतले पाणी मोजले होते का ते बघावे.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि ती कळायला मला सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या शिवारात जावे लागले. रब्बी ज्वारीचे गणित खरिपासारखे नाही. पाऊस पडून जातो, काळी जमीन तो पिऊन घेते आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते. त्यानंतर पिकाला मिळते ते बहुतेक जमिनीतल्या ओलीतूनच. पीक पोटरीत येते, निसवते, आणि ओल खाली खाली सरकत जाते. जमिनीला भेगा पडतात, ज्या उभ्या पिकाची मुळे तोडतात. दाणे भरायच्या वेळी, जेव्हा पाणी सर्वांत जास्त हवे, तेव्हा ते संपत आलेले असते. म्हणजे मंगळवेढ्याचे रान ही एकदाच भरलेली भली मोठी कुंडीच आहे. आणि तिथे जे झाड सुरुवातीला पाणी जपून वापरते, त्याच्या वाट्याला शेवटी चार घोट उरतात. माझ्या ट्रेमधली चूक इथे गुण ठरते.

हे नुसते उपमेपुरते नाही. ज्वारीत 'स्टे-ग्रीन' नावाचा एक गुण आहे: दाणे भरताना ताण बसला तरी पाने हिरवी राहतात, धाट उभे राहते. या गुणाचा सर्वांत अभ्यासलेला स्रोत इथिओपियाच्या ज्वारीतून आला. त्याच्यामागे गुणसूत्रांवरचे चार मुख्य पट्टे आहेत, एसटीजी-1 ते 4. अनेक वर्षे समज असा होता की हिरवेपणा म्हणजे पानातले हरितद्रव्य टिकवणारी काही खास यंत्रणा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये अ‍ॅन्ड्र्यू बोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली मांडलेले चित्र निराळे होते. या पट्ट्यांमुळे फुटवे कमी येतात, पानांचा पसारा लहान राहतो, फुलोऱ्यापर्यंत पाणी कमी खर्च होते आणि ते दाण्यासाठी उरते. पाने हिरवी दिसतात ती पाणी शिल्लक आहे म्हणून. धाटात ओल राहिली की खडखड्याही कमी येतो, ज्यात धाट आतून पोकळ आणि काळे होते आणि पीक भुईला लोळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे कमी महत्त्वाचे नाही; लोळलेल्या ज्वारीचा कडबाही धड राहत नाही.

पण मग खरिपात, जिथे पाऊस मध्येच तीन आठवडे दडी मारून पुन्हा येतो, तिथे हेच कंजूष झाड काय करील? पाऊस आल्यावर त्याला पसरायला पानेच कमी. वाचवलेले पाणी शेजारचे तण पिऊन जाईल किंवा ते खाली झिरपेल. म्हणून 'दुष्काळ सहन करणारे वाण' या शब्दप्रयोगाची मला अ‍ॅलर्जी आहे. कोणता दुष्काळ? सुरुवातीचा, मधला की शेवटचा? किती खोल जमिनीत? हा प्रश्न विचारल्याशिवाय जनुकाचे मोल ठरत नाही. आपल्याकडच्या पैदासकारांनी हे जनुकांची भाषा येण्याआधीच ओळखले होते. 1923 साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, 1933 साली सोलापूर आणि विजापूरला केंद्रे निघाली, आणि त्याच दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून मालदांडी 35-1 निवडली गेली. ती अजून पेरली जाते. राहुरीच्या विद्यापीठाची पुढची वाणे बघा: फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी, फुले सुचित्रा मध्यम, फुले वसुधा भारी जमिनीसाठी. शिफारशीतच दुष्काळाची जात लिहिलेली आहे.

बाहेरच्या जगातल्या नावाजलेल्या यशांकडेही याच नजरेने बघावे. जपानी संशोधकांनी 2013 साली भातातले 'ड्रो-1' हे जनुक दाखवले. ते मुळांचा कोन बदलते. मुळे आडवी पसरण्याऐवजी खाली उतरतात. फिलिपाइन्सच्या एका डोंगराळ भातातून ते आयआर-64 या लोकप्रिय जातीत आणले तेव्हा कोरड्यात उतारा टिकला. पण खाली ओल असेल तरच, मुरुमावर मुळे कुठे जाणार? अमेरिकेत मक्यात एका जिवाणूचे, थंडीत आरएनएची घडी सांभाळणारे प्रथिन घालून वाण विकले गेले. अर्जेंटिनाने 2020 साली सूर्यफुलाचे जनुक असलेल्या गव्हाला मान्यता दिली. आणि मे 2025 मध्ये दिल्लीहून जाहीर झालेल्या 'पुसा डीएसटी राइस 1' या भातात बाहेरचे काहीच आणलेले नाही. एमटीयू-1010 या जातीतले एक जनुक संपादनाने निकामी केले आहे. 'डीएसटी' हे जनुक रंध्रे उघडी ठेवायला मदत करते, ते गेले की दारे अधिक मिटतात. पुन्हा तोच अडवणाऱ्याला अडवण्याचा डाव, आणि पुन्हा तोच पेच: दार मिटले तर भाकरीचे काय? या वाणांवर शेतात काय दिसते हे वर्षानुवर्षांच्या, वेगवेगळ्या जमिनींवरच्या चाचण्यांतून ठरेल. घोषणेतून ठरणार नाही.

या क्षेत्रात यायला कोणती पदवी हवी असे विद्यार्थी विचारतात. जनुकांच्या क्रमाची माहिती आज घरबसल्या मिळते. अ‍ॅराबिडॉप्सिसची संपूर्ण माळ 2000 साली वाचली गेली, ज्वारीची 2009 साली, आणि दोन्ही कोणालाही फुकट बघता येतात. संगणकावर बसून हजार जनुकांचे आलेख काढणारी मुले माझ्याकडे येतात आणि मला ती आवडतात. पण त्यांतल्या निम्म्यांनी झाड कोमेजताना कधी बघितलेले नसते. म्हणून पुढची प्रकरणे उघडण्याआधी एक काम सांगतो. सारख्या आकाराच्या तीन कुंड्या घ्या, सारखी माती भरा, दोनांत ज्वारी पेरा. महिनाभर वाढू द्या. मग तिन्ही कुंड्या भरपूर भिजवा, निथळू द्या, एका ज्वारीचे पाणी तोडा, दुसरीला देत राहा, आणि रोज सकाळी व संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिन्हींची वजने करून वहीत लिहा. दुसरीला दिलेले पाणीही मापाने लिहा. कोणत्या दिवशी दुपारी पाने सुरळी करतात आणि संध्याकाळी उलगडतात, आणि कोणत्या दिवसापासून संध्याकाळीही उलगडत नाहीत, तेही लिहा. तिसऱ्या कुंडीत नुसती माती राहू द्या. तिचेही वजन रोज घटेल, आणि ते लिहून ठेवले नाही तर मातीतून उडालेले पाणी झाडाच्या खात्यावर पडेल.